किट वाटण्याआधी

परतूर, जि. जालना
कोजागरी पौर्णिमा

चि. बाळ यास,


तुझा निरोप मिळाला. मंडळाच्या पोरांनी वर्गणी जमवली, दिवाळीला गावातल्या अडचणीतल्या घरांना तेल, साखर, रवा, डाळ असं किट द्यायचं ठरवलं, आणि आत्याआजीला गावातली घरंन्घरं ठाऊक आहेत म्हणून यादी मागितलीस. यादी देते. पण दोन अटी आहेत. बॅनर छापायचं नाही आणि देताना फोटो काढायचा नाही. तुम्हाला वाटतं, फोटो टाकला की आणखी चार जण वर्गणी देतील. देतीलही. पण तो फोटो फिरत फिरत त्या बाईच्या लेकीच्या सासरी पोचतो, आणि मग साखरेच्या एका पुड्यापायी त्या लेकीला वर्षभर टोमणे ऐकावे लागतात. तुमच्या ध्यानात हे येणार नाही, कारण तुम्ही फोटोत देणाऱ्या बाजूला उभे असता.

किटाला माझा विरोध नाही. सणासुदीला कढई चुलीवर चढली तर कुणाला नको आहे? पण तेल पंधरा दिवसांत संपतं. त्यानंतरच्या साडेअकरा महिन्यांचं काय, यावर तुझ्याशी बोलायचं आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण मोबाइलवर तू माझं अर्धंच ऐकतोस.

१९७२ चा दुष्काळ तू पुस्तकात वाचला असशील. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. जालना जिल्हा अजून व्हायचा होता; तो १ मे १९८१ ला झाला. आपला परतूर तालुका तेव्हा परभणीत मोडायचा. विहिरी आटल्या, जनावरं गेली, आणि गावोगाव दुष्काळी कामं निघाली. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग. बायका खडी फोडायच्या, पुरुष माती वाहायचे, आणि आम्हा पोरांना कामावर सुकडी मिळायची. रेशनला लाल मिलो यायचा. त्याची भाकरी थापता थापता तुटायची, म्हणून माझी आई त्यात उरलंसुरलं ज्वारीचं पीठ मिसळायची. ज्यांच्या वाड्यावर सालगडी राबत होते, त्या घरच्या बायकाही खडीवर आल्या होत्या. पहिले काही दिवस तोंडावरून पदर ओढून, मग उन्हाने तोही विचार सुटला. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती.

त्या वर्षाचं दुःख सांगणारे पुष्कळ आहेत. मला वेगळीच गोष्ट आठवते. हप्त्याच्या दिवशी हजेरीपटावर नाव पुकारलं जायचं, अंगठा उठायचा आणि पैसे हातात पडायचे. ते पैसे घेताना कुणाची मान खाली गेलेली मी पाहिली नाही. मजुरी कमी आहे म्हणून मुकादमाशी भांडणाऱ्या बायका मात्र पाहिल्या. दान घेणारं माणूस भांडत नाही.

हे ज्यांच्या आधीच लक्षात आलं होतं, ते वि. स. पागे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, विधान परिषदेचे सभापती. हाताला काम मागणाऱ्याला सरकारने काम दिलंच पाहिजे, हा विचार त्यांनी साठच्या दशकात मुख्यमंत्री वसंतराव नाईकांपुढे मांडला आणि आधी आपल्याच भागात करून पाहिला. त्यातून रोजगार हमी योजना झाली. तिचा कायदा १९७७ साली विधिमंडळात मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पैसा उभा करायला १९७५ पासून पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. माझ्याही पगारातून तो कापला जायचा आणि आमच्या शिक्षकांच्या खोलीत त्यावर कुरकुर चालायची. मी म्हणायचे, अहो, आपल्याच विद्यार्थ्यांच्या आया बांधावर काम करतात, त्यांच्या पदरात जातोय तो पैसा. पुढे २००५ साली केंद्राने देशभरासाठी असा कायदा केला, तेव्हा त्यांच्यासमोर महाराष्ट्राचाच नमुना होता.

आता तू म्हणशील, आजी, तो काळ गेला. म्हातारी माणसं खडी फोडणार आहेत का? नाही. म्हणूनच १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेले, अशांसाठी. पासष्टीच्या पुढच्यांना श्रावणबाळ योजना. महिना निदान दीड हजार रुपये. तुमचं किट केवढ्याचं आहे? हजाराचं म्हणतोस. म्हणजे एका बाईचा निराधारचा अर्ज मंजूर करून दिलात, तर दर महिन्याला दीड किट तिच्या खात्यावर, तेही न मागता.

पण अर्ज मंजूर करून घेणं म्हणजे काय असतं, ते एकदा सोबत जाऊन पाहा. वयाचा पुरावा हवा. रहिवासी दाखला हवा. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला हवा आणि त्यावरचं नाव आधार कार्डाशी जुळायला हवं. आपल्याकडे नवरा गावात एका नावाने, रेशन कार्डावर दुसऱ्या आणि आधारवर तिसऱ्याच! मग उत्पन्नाचा दाखला, तोही वर्षाला २१ हजारांच्या आतला. हिशेब कर, महिन्याला साडेसतराशे होतात. कापूस वेचायला चार-सहा दिवस गेलेली बाईसुद्धा तेवढे मिळवते. ज्या आकड्यात कुणी जगूच शकत नाही, त्या आकड्याचा दाखला मागायचा म्हणजे गरिबाला कागदावर खोटं बोलायला लावायचं. देणारा, घेणारा आणि तपासणारा, तिघांनाही हे ठाऊक असतं. मला याची चीड येते, पण त्यापायी कुणाचा अर्ज अडवून धरायचा नसतो.

एवढं झालं की प्रकरण तहसीलला, तिथून समितीच्या बैठकीत. बैठक कधी, ते तारखेच्या आदल्या दिवसापर्यंत कुणी सांगत नाही. मंजूर झालं तरी दरवर्षी हयातीचा दाखला. आणि पैसे काढायला बँक मित्राच्या मशीनवर अंगठा. आता जन्मभर ज्यांनी माती उपसली आणि बोंडं तोडली, त्यांच्या अंगठ्यावर रेघा उरल्यात कुठे? मशीन लाल दिवा दाखवतं, मागे रांग खोळंबलेली असते, आणि म्हातारी साडीला बोट पुसून पुन्हा पुन्हा टेकवत राहते. तिथे कुणी तरणं पोरगं असेल तर तिला आधार केंद्रावर नेऊन ठसे नव्याने घेता येतात. नसेल तर ती "पैसेच आले नाहीत" असं समजून घरी जाते. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे आपण हसत म्हणतो. त्या सहा महिन्यांत ती काय खाते, हे विचारत नाही.

ज्या घरातला कर्ता गेला आहे, तिथे आणखी काळजीने जा. कमावतं माणूस अठरा ते एकोणसाठ या वयात गेलं आणि घर दारिद्र्यरेषेखाली असलं, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकदाच २० हजार मिळतात. हे निम्म्या घरांना माहीतच नसतं. शेतकऱ्याने जीव दिला असेल तर एक लाख, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. पण ते पात्र ठरल्यावर. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवाना असलेल्या सावकाराचं लागतं. दुकानदाराकडची खताची उधारी आणि सोयऱ्याकडचे हातउसने त्यात धरत नाहीत, आणि आपल्याकडे खरा गळफास त्याचाच असतो. दहावा-तेरावा होत नाही तोच त्या बाईला तलाठ्यापासून पोलीस पाटलापर्यंत सगळ्यांना तेच तेच सांगावं लागतं. तिच्यासोबत बसायला मंडळातली एखादी मुलगी पाठवा. पोरांनी बाहेर थांबावं. आणि लहान मुलं असतील तर बालसंगोपन योजनेचा अर्ज त्याच वेळी भरून टाका. दर मुलामागे महिन्याला रक्कम मिळते आणि मुलांना वसतिगृहात न टाकता आईजवळच ठेवता येतं.

आता माझ्या स्वतःच्या कामातलं सांगते. दसरा-दिवाळी झाली की आपल्या आणि मंठा-घनसावंगीच्या गावांतून ऊसतोडीला कोयते निघतात. मुकादमाची उचल आधीच खर्ची पडलेली असते. ट्रॅक्टरवर संसार चढतो आणि सोबत शाळेतली पोरंही. ती थांबावीत म्हणून शासनाने हंगामी वसतिगृहं काढली: मुलाने आजीकडे झोपावं, जेवण शाळेत, चालवणार शाळा व्यवस्थापन समिती. योजना चांगली. अनुदान मात्र हंगाम निम्मा सरला की यायचं. तोवर आमच्या गावातला किराणावाला वहीवर माल द्यायचा आणि बचत गटाच्या बायका भाकरी थापायच्या. मी जमाखर्च लिहायचे.

दुसरीतली एक मुलगी रोज भाकरी अर्धी खायची आणि अर्धी दप्तरात टाकायची. विचारलं तर म्हणाली, "आजीला." तेव्हा आमचे डोळे उघडले. मुलं मागे राहावीत म्हणून योजना आली, पण मुलांना सांभाळायला जी म्हातारी मागे राहिली ती कुठल्याच यादीत नव्हती. तिचा मुलगा कर्नाटकात ऊस तोडत होता, पैसे एकदम चैत्रात येणार होते. आम्ही तिला जेवायला या म्हटलं, तर आली नाही. "मी काय भिकारीण आहे का?" हे तिचं उत्तर. मग भाकरी थापणाऱ्यांतल्या एकीने युक्ती काढली. तिला निरोप धाडला की डाळीत खडे फार आहेत, निवडायला माणूस नाही, तेवढं करून जा. दुसऱ्या दिवशी सूप घेऊन हजर! निवडायची, चार पोरींच्या वेण्या घालायची, मुलांसोबत पानावर बसायची. बघता बघता तशा आणखी चार-पाच जणी आल्या. नियमात हे कुठे बसत होतं, ते मला विचारू नकोस.

त्या आज्या डाळ निवडायला येत होत्या तसं तुम्हालाही काही सुचतं का ते बघा. एखाद्या घरी किट न देता पणत्या करायला माती द्यावी आणि पणत्या तुम्ही विकत घ्याव्यात, असंही होऊ शकतं.

गावातल्या म्हाताऱ्यांना डोळ्यांसाठी जालन्याला न्यायचं म्हणतोस, ते मला फार आवडलं. महिकोवाले बद्रीनारायण बारवाले, ज्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, त्यांनी उभं केलेलं गणपती नेत्रालय जालन्यातच आहे, मराठवाडाभरातून लोक तिथे येतात. पण मोतीबिंदू काढला की काम संपलं असं नसतं. नंतर कितीतरी दिवस ठरल्या वेळी डोळ्यांत औषध घालावं लागतं, धूर टाळावा लागतो, वाकून ओझं उचलायचं नसतं. मुलगा-सून उसावर गेलेली, चूल पेटवायला तीच, मग धूर टाळणार कसा? म्हणून गाडीचं भाडं जमवण्याआधी थेंब कोण घालणार आणि तेवढे दिवस डबा कुठल्या घरातून जाणार, हे लिहून काढा. नाहीतर ऑपरेशन मुलगा-सून परतल्यावर, चैत्रातच ठेवा.

राहता राहिली मोठी गोष्ट, की मुळात मदतीची वेळच येऊ नये. जमलं तर मंडळाला एकदा कडवंचीला घेऊन जा. जालना तालुक्यातलंच गाव आहे. खरपुडीच्या मराठवाडा शेती सहाय्य मंडळाने, विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने, १९९६ पासून तिथे इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाचं काम केलं. फुकट काही नव्हतं, गावाने श्रमदान द्यायचं होतं. डोंगरमाथ्यापासून चर, बांध, मग शेततळी. २०१२ च्या दुष्काळात जालना शहर टँकरवर जगत होतं, घाणेवाडी तलाव कोरडा पडला होता, तेव्हा कडवंचीत द्राक्षबागा उभ्या होत्या. त्यावर मी जास्त लिहीत नाही, तिथली माणसं माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. फक्त एवढं विचारून ये, की ज्यांना जमीनच नव्हती त्यांच्या वाट्याला त्या पाण्यातलं काय आलं.

तर आता कामाचं. सोबत यादी जोडली आहे. नावापुढे रेघ मारलेली घरं किटासाठी. तिथे दिवेलागणीनंतर एकेकट्याने जा, पिशवी साधी असू दे. रवा कमी करून तेलाचा एक पुडा वाढवा. नावापुढे गोल केलेल्या घरी किट नेऊ नका, तिथे कागद अडलेत. कुणाचं काय अडलंय ते नावाखाली लिहिलंय. वर्गणीतले थोडे पैसे झेरॉक्स, फोटो आणि एसटीच्या भाड्याला बाजूला काढा. जी पोरं तहसीलला जातील त्यांनी अर्ज दिला की शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये, आणि पोच जिचा अर्ज तिच्याच हातात द्यावी, स्वतःच्या खिशात ठेवू नये.

सातव्या नंबरची म्हातारी कमी ऐकते आणि चोर समजून काठी उगारते. आधी तिच्या शेजारणीला हाक मार.

तुझी
आत्याआजी