पालखीतली वही, भोयांचे पाय

सकाळी जांभूळमधून उल्हास नदीकडे चालायला निघालो की फोनमधलं अ‍ॅप किलोमीटर मोजू लागतं. माझं चालणं असं आपोआप नोंदलं जातं. ही नदी राजमाचीच्या परिसरातल्या डोंगरांतून खाली येते. त्याच डोंगररांगेतल्या बोरघाटातून १८०९ मध्ये एक चोवीस वर्षांची इंग्रज बाई पुण्याकडे गेली होती.

तिचं नाव मारिया ग्रॅहम. जन्म कवी वर्ड्सवर्थच्या कॉकरमथ गावाजवळचा, १७८५ चा. तिची भारतातली रोजनिशी १८१२ मध्ये एडिंबरोत छापली गेली. त्यात मुंबई आहे, घारापुरी आणि कार्ल्याची लेणी आहेत, पुणं आहे. बोरघाटात गाडीरस्ता झाला १८३० मध्ये. ती गेली पालखीतून. म्हणजे चालले भोई, आणि प्रवासवर्णन झालं तिचं.

मग हा प्रवास कुणाचा?

बाईंना मोडीत काढणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. पुढे १८२२ मध्ये चिलीतल्या भूकंपानंतर किनाऱ्याची जमीन वर उचलली गेल्याचं तिने लिहिलं. १८३४ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेचे अध्यक्ष ग्रीनो यांनी तिची साक्ष जाहीरपणे खोटी ठरवली. तिने छापील उत्तर दिलं. पुढच्याच वर्षी चिलीत पुन्हा भूकंप झाला आणि जमीन उचलली गेल्याचं डार्विनने स्वतः पाहिलं. डोळ्यांनी पाहिलेलं सांगूनही विश्वास न ठेवला जाणं म्हणजे काय, हे तिला पुरेपूर माहीत होतं.

पण तिला खोटं तरी ठरवता आलं, कारण तिचं म्हणणं कागदावर होतं. भोयांवर तर अविश्वास दाखवायचीही कुणाला गरज पडली नाही.

माझ्या कामात सर्व्हरच्या लॉगमध्ये नोंद नसेल, तर ती गोष्ट घडलीच नाही असं आम्ही धरून चालतो. यंत्रापुरतं हे ठीक आहे. माणसांच्या बाबतीत मात्र नोंद कुणाची राहते, हे वही कुणाच्या हातात होती यावर ठरतं. माझी आजी डोक्यावर भाजीची पाटी घेऊन बदलापूरच्या बाजाराला पायी जायची. घरात त्याला कुणी प्रवास म्हटलं नाही. ‘बाजाराला गेली’ एवढंच. वाटेत तिला काय दिसायचं, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारता येणार नाही.

म्हणून मारियाबाईंची वही बाजूला ठेवावी असं मला वाटत नाही. ती नसती, तर पालखीखालच्या खांद्यांचा प्रश्नही पडला नसता. पण ती वाचताना घाट चढल्याचं वाक्य आलं, की मी थांबतो. त्या वाक्याचा कर्ता व्याकरणात एक असतो आणि घाटात दुसराच.

अ‍ॅप मी काढून टाकलेलं नाही. मात्र नदीवरून परतताना कुणी पाटी घेऊन समोरून आलं, तर आता थांबून विचारतो, “कुठून आलात?”