घराण्याची अब्रू व तिची किंमत

घराण्याची अब्रू राखण्यासाठी रक्त सांडावे काय? सारसोळ्याची खाडी असो की घाटावरील खेडे, एका माणसाला लागलेला शब्द सगळ्या भावकीला लागतो. म्हणून हा प्रश्न जुना झाला नाही.

शिवभारतात कवींद्र परमानंदाने निजामशाही दरबारचा एक प्रसंग वर्णिला आहे. खंडागळ्यांचा हत्ती बिथरला. त्यास आवरताना जाधव व भोसले समोरासमोर आले. दत्ताजी जाधव हा संभाजी भोसल्याच्या हातून पडला. ते ऐकून दत्ताजीचे वडील लखुजी परत फिरले. त्यांनी संभाजीस ठार केले, आणि चुलतभावाच्या मदतीस धावलेले शहाजी, म्हणजे स्वतःचेच जावई, त्यांस जखमी केले. वैर मूळचे नव्हते. निमित्त एक जनावर. परंतु जिजाबाईंचा भाऊ गेला, दीर गेला, आणि पतीवर घाव घालणारा हात पित्याचा होता. अब्रू पुरुषांनी राखली. किंमत मात्र दोन्ही घरच्या त्या लेकीने दिली.

तरी त्या काळास हसू नये. उत्तरेकडील आइसलंड बेटाच्या सागा, म्हणजे तेराव्या शतकात लिहिलेल्या गोष्टी, हेच सांगतात. तेथे राजा नव्हता. सभा निवाडा देई, पण तो बजावणे ज्याचे त्याजकडे. जे घराणे सूड घेत नसे, ते कुंपण नसलेल्या शेतासारखे होई. न्यालच्या सागेत सुडास सूड जडत गेला, आणि अखेर न्याल, त्याची बायको, मुलगे व लहान नातू घरासह जळाले. त्या नातवाचा बाप कारी याने पुढे पुष्कळांस मारले. शेवटी त्याचे गलबत फुटले, तेव्हा तो घर जाळणाऱ्या फ्लोसीच्याच दारी गेला. फ्लोसीने उठून त्याचे चुंबन घेतले व त्यास आपल्या शेजारी उच्चासनी बसविले.

कोणी म्हणेल, मेलेल्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार जिवंतांस कोठून आला? प्रश्न खरा आहे. आमचे उत्तर इतकेच की, मेलेल्यांच्या वतीने नवे मुडदे पाडण्याचा अधिकारही त्यांस कोणी दिलेला नाही. न्याय मागावा, त्यासाठी आज कोर्ट आहे, तेच आपले कुंपण होय. सूड घेण्यास राग पुरतो. वैऱ्याच्या दारी जाण्यास, व त्यास दार उघडण्यास, छाती लागते.

त्याच जाधव घराण्यातील धनाजी पुढे भोसल्यांच्या राज्याचे, छत्रपती राजारामांच्या काळी, सेनापती झाले. दोन्ही घराण्यांची अब्रू त्याने उणी झाली नाही, वाढलीच.