खरी प्रत

आमच्या धंद्यात 'खरी प्रत' असा एक शिक्का असतो. तो उमटला की झेरॉक्सच्या फिकट कागदालाही मुळाची अब्रू येते. वीस वर्षं या शिक्क्याच्या सहवासात काढल्यामुळे मला एक तात्त्विक व्याधी जडली आहे. समोर काहीही आलं, तरी हे मूळ की नक्कल, हा प्रश्न आधी पडतो.

परवा भाच्यानं 'डान्स क्रेझ' हा १९८१ सालचा ब्रिटिश सिनेमा दाखवला, आणि व्याधीनं उचल खाल्ली. स्का वाजवणाऱ्या सहा बँडांच्या कार्यक्रमांचं हे चित्रण. कथा नाही, खलनायक नाही, मुलाखतीबिलाखती नाहीत. नुसती गाणी, आणि कॅमेरा थेट वादकांच्या कोपराशी. आता स्का म्हणजे काय, हे कॉमर्सच्या माणसानं सांगायचं तर, गिटार ठोक्यावर न वाजता दोन ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत वाजते. एक पगार संपल्यावर आणि दुसरा होण्याआधी माणसानं नाचावं, तसलं काहीतरी.

"एवढी उड्या मारतायत, दमत कशी नाहीत?" हिनं विचारलं.

"माणसं दमली असतील. फिल्म दमत नाही," मी म्हणालो.

गंमत अशी, की हा स्का मुळात इंग्लंडचा नव्हेच. तो जमैकाचा, आणि तिथल्या मंडळींनी अमेरिकेतलं रिदम अँड ब्लूज ऐकून आपल्या हातानं घडवलेला. म्हणजे इंग्लंडातली झाली दुसरी प्रत, तिची फिल्म ही तिसरी, आणि आमच्या टीव्हीवर चौथी. कार्बन पेपर कधीच संपला असता! पण या पोरांनी उधारी लपवली नाही. 'मॅडनेस' या बँडनं स्वतःचं नावच जमैकाच्या प्रिन्स बस्टरच्या गाण्यावरून घेतलं आणि १९७९ साली पहिली रेकॉर्ड काढली तीही त्याच्याच गौरवाची. कर्ज वहीत दाखवलं तर माणूस ऋणको. दडवलं तर लबाड.

माझं घोडं अडलं ते पुढे. यातला 'द स्पेशल्स' हा कॉव्हेंट्रीचा बँड. त्याचा संस्थापक जेरी डॅमर्स हा पाद्र्याचा मुलगा, जन्म १९५५ सालचा आणि चक्क आपल्या उटीचा! सात जणांत दोघे जमैकात जन्मलेले, बाकी गोरे. बाहेर वंशद्वेष्टे पोरांना चिथावत होते, कार्यक्रमांत मारामाऱ्या होत होत्या. १९८१ साली कॉव्हेंट्रीतच एका तरुण आशियाई विद्यार्थ्याचा खून झाला. त्या वातावरणात बँडनं आपल्या गावी वंशद्वेषाविरुद्ध कार्यक्रम केला. आणि त्याच वर्षी तिघं बाहेर पडले, बँड फुटला. पडद्यावर मात्र काळे-गोरे एकाच ठेक्यावर उडताहेत.

मग ही प्रत खोटी म्हणायची काय? आपल्याकडच्या लग्नाच्या कॅसेटीतही मानपानाचं भांडण कुठं दिसतं? सगळे पेढा खाताना!

मी बराच विचार केला. शिक्का सांगतो तो इतकंच, की नक्कल मुळाबरहुकूम आहे. मूळ टिकेल, ही हमी त्यात नसते. त्या संध्याकाळी ती माणसं खरोखरच एकत्र नाचली. पुढं भांडली म्हणून नाचणं रद्द होत नाही. नंतर पैसे काढले म्हणून आधीची जमा खोटी ठरते का? शिल्लक शून्य झाली, तरी पासबुकात जमेची ओळ तशीच राहते.

धोका आहे तो वेगळाच. ती ओळ पाहून आपल्याला वाटतं, की शिल्लक अजून आहे. काळे-गोरे, आपले-परके यांचा प्रश्न कुणीतरी चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच नाचून सोडवून ठेवला आहे, आता आपण खुर्चीत बसून पाय हलवले की झालं.

असे गिऱ्हाईक आमच्या काउंटरवरही येतात, वडिलांचं जुनं पासबुक घेऊन. मी आदरानं पाहतो, नोंद खरी आहे म्हणून सांगतो. पण पैसे हवे असतील, तर भरणा स्वतःच करावा लागतो.