तात्पुरतें आणि टाकाऊ

‘तात्पुरतें’ हा शब्द आपल्या व्यवहारांत बहुधा सबब म्हणून येतो. भिंतीवरून तार लोंबत असते, टेबलाच्या आंखूड पायाखालीं विटेचा तुकडा दिलेला असतो, फळी डुगडुगत असते; आणि विचारावें तर उत्तर ठरलेलें : ‘असूं द्या, तात्पुरतें आहे.’ जणू काय जें थोडा काळ टिकावयाचें, तें नीट करण्याचें कर्तव्यच कोणावर उरत नाहीं. ही समजूत कितपत न्याय्य आहे, या प्रश्नाकडे माझें लक्ष एका फुलांच्या दुकानानें वेधलें.

माझा एक जुना विद्यार्थी दुकानांची व घरांची अंतर्रचना करण्याचा व्यवसाय करतो. आमच्या शहरांतील एका गृहस्थानें आपला रिकामा गाळा श्रावणापासून दिवाळीपर्यंत फुलांच्या दुकानासाठीं देण्याचें कबूल केलें. अट एकच : दिवाळी सरतांच गाळा होता तसा परत मिळाला पाहिजे, भिंतींत एकहि खिळा ठोकतां कामा नये. या दुकानाचा आराखडा घेऊन विद्यार्थी मला दाखवावयास आला. सारें सामान म्हणजे एकाच मापाचीं २४ लांकडी खोकीं, थोड्या फळ्या आणि कांहीं उभे दांडे. खोकीं एकावर एक रचलीं कीं मांडणी होई, आडवीं ठेवलीं कीं बैठक होई, दोहोंवर फळी टाकली कीं हार गुंफावयाचें टेबल होई. आणि मुक्काम हलवावयाचा तेव्हां त्याच खोक्यांत बादल्या व परड्या भरून नेतां येत. सांधे सर्व खाचांचे व मळसूत्रांचे. मीं मनांतल्या मनांत खर्चाचा हिशेब केला आणि विचारलें, “तीन महिन्यांसाठीं एवढा खटाटोप?” तो म्हणाला, “सर, दुकान तीन महिन्यांचें आहे. लांकूड तीन महिन्यांचें नाहीं.”

हें उत्तर मला त्या वेळीं केवळ चतुराईचें वाटलें; पुढें त्यांत चतुराईहून अधिक कांहीं आहे असें ध्यानांत आलें. वस्तूच्या उपयोगाचा काळ आणि वस्तूच्या अस्तित्वाचा काळ हे दोन्ही एकच, असें आपण धरून चालतों. पण सागाचें झाड वाढावयास कित्येक दशकें लागतात आणि नवरात्र नऊ दिवसांत आटोपतें. उपयोग सरला म्हणून द्रव्य सरत नाहीं. तें कोठें तरी जातेंच : एक तर दुसऱ्याच्या कामांत, नाहीं तर दुसऱ्याच्या दारीं कचरा होऊन. म्हणून तात्पुरती वस्तु करणाराला दोन प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं लागतात. ही उभी कशी राहील, हा पहिला. आणि ही येथून जाईल कशी, हा दुसरा. कायमची वास्तु बांधणारा दुसरा प्रश्न आपल्या नातवंडांवर सोंपवून निजूं शकतो. तात्पुरतें करणाराला ती सवलत नाहीं. या दृष्टीनें पाहतां त्याची जबाबदारी हलकी तर नाहींच, उलट दुपटीची आहे.

इतिहासांत याचें एक ठळक उदाहरण आहे, आणि योगायोग असा कीं त्याचें मूळहि एका फुलाशींच जडलेलें आहे. जोसेफ पॅक्स्टन हा इंग्लंडांत चॅट्सवर्थ येथें डेव्हनशरच्या ड्यूकच्या पदरीं असलेला माळी. दक्षिण अमेरिकेंतून आणलेल्या एका प्रचंड कमळासाठीं त्यानें कांचेचें घर बांधलें. पुढें १८५१ सालीं लंडनच्या हाइड पार्कांत मोठें प्रदर्शन भरलें, त्याची इमारत त्यानेंच आंखली. ठराविक मापाचे सुटे भाग तयार करून आणावयाचे व जागेवर जोडावयाचे, ही त्याची रीत. त्या जागेवरचे जुने एल्म वृक्ष तोडूं नयेत असा लोकांनीं आग्रह धरला, तेव्हां मधला भाग कमानीनें उंच करून ते वृक्ष इमारतीच्या आंत घेण्यांत आले. प्रदर्शन १ मे ते १५ ऑक्टोबर, म्हणजे साडेपांच महिने चाललें. मग ती इमारत उकलली गेली, सिडनहॅम येथें वाढवून पुन्हां उभारली गेली, १८५४ मध्यें तेथें खुली झाली, आणि १९३६ सालीं आगीनें नष्ट होईपर्यंत उभी राहिली. साडेपांच महिन्यांच्या गरजेपोटीं जन्मलेल्या वस्तूला एवढें आयुष्य लाभलें, याचें कारण ती नीट उकलतां येईल अशी जोडलेली होती.

ही बुद्धि आपणांस परकी नाहीं. आपल्याकडील लग्नाचा मांडव बांबू आणि सुंभ यांवर उभा राहतो. कार्य उरकलें, गांठ सोडली, कीं बांबू पुन्हां बांबूच असतो आणि पुढल्या घरच्या लग्नाला जातो. खिळ्याची गोष्ट वेगळी. तो शिरतांना लांकडाला विचारीत नाहीं आणि निघतांना जखम ठेवून जातो. गांठ व मळसूत्र ज्या वाटेनें येतात त्याच वाटेनें परत फिरतात. जोडतांनाच सुटण्याचा विचार करणें अशुभ आहे, असें पुष्कळांना वाटतें. मला तर त्यांत जागेचा व जागेच्या पुढील धन्याचा आदर दिसतो.

एक आक्षेप मात्र विचारांत घेण्यासारखा आहे. जें सर्वत्र बसतें तें कोठलेंच नसतें. मनुष्याविषयीं आपण असेंच म्हणतों. जो प्रत्येक बैठकींत मान डोलावतो, त्याच्या मताला किंमत कोण देतो? मग आज बैठक, उद्यां कपाट आणि परवां पेटी होणाऱ्या खोक्याला स्वत्व तें काय? आक्षेपांत तथ्य आहे. पण या दुकानांत बदल मागणारी कोणाची लहर नव्हती, पंचांग होतें. श्रावणांत सोमवारचा बेल आणि मंगळागौरीची पत्री, त्यांना उथळ व ओलसर परड्या हव्यात. गणपतींत दूर्वांच्या जुड्या, जास्वंदी आणि गौरींसाठीं तेरडा. पितृपक्षांत गिऱ्हाईक ओसरतें, तेव्हां निम्मीं खोकीं बाजूला रचून ठेवावयाचीं. दसऱ्याला झेंडूचे ढीग भुईवर येतात आणि मांडणीला भिंतीशीं सरकावें लागतें. इतकें सारें बदलत असतां कांहीं गोष्टी बदलत नाहींत. देठाच्या फुलांना सावली हवी, स्वच्छ बादली हवी, रोज ताजें पाणी हवें. आणि पिकलेलीं फळें जवळ नकोत, कारण त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूनें अनेक फुलें लौकर कोमेजतात. धातूला नाना प्रत्यय लागतात म्हणून धातु निरर्थक होत नाहीं. ज्या वस्तूला आपलें काम ठाऊक आहे, तिनें रूप बदललें तरी तिचें स्वत्व जात नाहीं.

येथवरचा विचार मला समाधानकारक वाटत होता. मग एके दिवशीं मी तो गाळा पाहावयास गेलों आणि त्या समाधानाला तडा गेला. गाळ्याच्या पायरीवर एक वृद्ध फुलवाली बसते. एक टोपली, एक गोणपाट, पाण्याचा डबा आणि बसावयास उपडा ठेवलेला पत्र्याचा पिंप, एवढें तिचें दुकान. पाऊस आला कीं ती भिंतीशीं सरकते. उठवणारी गाडी आली कीं सारें दुकान गोणपाटांत गुंडाळून बोळांत शिरते. परिस्थितीशीं जुळवून घेणारें सामान म्हणतात, तें याहून निराळें काय असावयाचें? तरी त्याचें कौतुक करण्यास माझी जीभ धजेना. माझ्या विद्यार्थ्याचें दुकान तात्पुरतें होतें तें त्या दुकानदाराच्या सोयीनें. ही बाई तीस वर्षें तात्पुरती होती ती इतरांच्या सोयीनें. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्यें झाला. कायद्याला जें सुचलें, तें आमच्या आराखड्याला सुचलें नव्हतें. दुकानाचें प्रवेशद्वार नेमकें तिच्या बसण्याच्या जागीं उघडत होतें. झाडांसाठीं छप्पर उंच करणाऱ्या पॅक्स्टनची मी वाखाणणी करीत होतों, आणि पायरीवरचें माणूस आमच्या कागदावर एका रेघेनेंहि दाखविलेलें नव्हतें. आराखडा मींहि पाहिला होता. लांकडाची किंमत मीं विचारली, तिच्याविषयीं विचारलें नाहीं.

विद्यार्थ्याला हें सांगितलें तेव्हां तो कांहीं वेळ गप्प राहिला. मग पायरीवर तिच्याशेजारीं जाऊन बसला आणि म्हणाला, “मावशी, हें खोकें जरा उचलून बघा.” तिनें उचलून पाहिलें व खालीं ठेवलें. “चांगलं हाय रं बाबा, पर लई जड हाय. मला एकलीला उचलाया आलं पायजे.” आमच्या सगळ्या चर्चेंत न आलेली कसोटी तिनें एका वाक्यांत सांगितली. वस्तु किती रूपें घेऊं शकते हें पाहून भागत नाहीं. तीं रूपें देणारा हात कोणाचा आहे, तेंहि पाहावें लागतें. सुटी, हलती वस्तु ज्याला हलवितां येत नाहीं, त्याच्यापुरती ती भिंतच होय.

त्यानंतर खोक्यांना दोहों बाजूंस हात घालण्याजोग्या खाचा पाडल्या गेल्या. कांहीं खोकीं निम्म्या उंचीचीं झालीं. प्रवेशद्वार दोन खोक्यांच्या अंतरानें सरकलें. सामान सुटें असल्यामुळें त्याला अर्धा तास पुरला. देवपूजेच्या फुलांची पुडी दुकानानें ठेवूं नये, ती तिच्याकडेच मिळावी, असें दुकानदाराशीं ठरलें. हा पुरता न्याय झाला असें मी म्हणत नाहीं. तिच्या जागेचा प्रश्न होता तेथेंच आहे, आणि तो सुताराच्या हातचा नाहीं.

दिवाळीनंतर मी पुन्हां त्या बाजूला गेलों. गाळा रिकामा होता, भिंती कोऱ्या होत्या. खोकीं दुसऱ्या गांवीं पुस्तकांच्या प्रदर्शनाला गेलीं होतीं. त्यांतलीं निम्म्या उंचीचीं दोन मात्र तिनें ठेवून घेतलीं होतीं, आणि त्यांचे पैसे ती हप्त्यानें फेडीत होती. एकावर ती बसली होती, दुसऱ्यावर शेवंती मांडली होती. ‘तात्पुरतें आहे’ हें वाक्य तेव्हांपासून माझ्या तोंडून सहसा निघत नाहीं. निघालेंच तर ‘कोणाच्या सोयीनें?’ असें मी आधीं स्वतःला विचारतों.