वकीलपत्र कोणाचे घ्यावे?

कोर्टकचेरीच्या भाषेतला ‘वकीलपत्र’ हा शब्द आपल्याकडे बोलण्यातही रुळला आहे. कोणी एखाद्याची बाजू घेऊन बोलू लागला की आपण चटकन विचारतो, ‘तुला कुणी त्याचं वकीलपत्र दिलंय?’ या प्रश्नात एक गृहीत लपलेले असते. ज्याचे वकीलपत्र घेतले, त्याचे म्हणणेही आपण मान्य केले, असे ते गृहीत आहे. घरगुती भांडणात ते चालून जाते. पण सरकारशी वैर घेतल्यामुळे ज्याच्यावर खटला गुदरला आहे, अशा माणसाच्या बाबतीत तेच गृहीत फार महाग पडते. अशा लोकांना वकील मिळवून देणाऱ्या, त्यांच्या जामिनासाठी धावपळ करणाऱ्या नागरी हक्क संघटनांवर पहिला आरोप हाच येतो, की ‘हे त्यांचेच लोक’. तो आरोप खरा किती आणि खोटा किती, हे थोडे थांबून तपासले पाहिजे.

सुरुवात आपल्या ओळखीच्या खटल्यापासून करू. १८९७ साली ‘केसरी’तील लिखाणाबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला, तेव्हा कलकत्त्यातील मंडळींनी निधी जमवला आणि बचावासाठी तिकडून बॅरिस्टर मुंबईला पाठवले. निधी जमवणाऱ्यांत रवींद्रनाथ ठाकूरही होते. ज्या लिखाणावर खटला होता ते मराठीत होते. निधी देणाऱ्या बहुतेक बंगाली गृहस्थांनी त्यातला एक शब्दही मुळातून वाचलेला असणे शक्य नव्हते. टिळकांचे प्रत्येक मत पारखून मग पैसे द्यायचे असते, तर पैसे जमलेच नसते. लिहिल्याबद्दल माणूस तुरुंगात जात असेल तर त्याची बाजू न्यायालयात नीट मांडली गेली पाहिजे, एवढेच त्यांना पुरेसे वाटले.

या खटल्याला एक कडवट शेपूट आहे. १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी दिनशा दावर हे वकील म्हणून उभे राहिले आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी जामीन दिला. १९०८ मध्ये टिळक पुन्हा राजद्रोहाच्या आरोपाखाली उभे राहिले, तेव्हा जामिनासाठी युक्तिवाद केला बॅरिस्टर जीनांनी. न्यायासनावर होते तेच दावर. त्यांनी जामीन नाकारला आणि पुढे सहा वर्षांची शिक्षाही सुनावली. माणूस तोच, कायद्याचे ज्ञानही तेच; बदलली होती फक्त बसायची जागा. नागरी हक्कांचा सारा इतिहास या जागाबदलाच्या दुखण्याने भरलेला आहे.

१९३६ साली नेहरूंच्या पुढाकाराने इंडियन सिव्हिल लिबर्टीज युनियन निघाली. रवींद्रनाथ तिचे मानद अध्यक्ष आणि सरोजिनी नायडू कार्याध्यक्ष होत्या. दुसऱ्याच वर्षी अनेक प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली आणि युनियनचा उत्साह ओसरला. आपलेच लोक सत्तेवर आले. आता तक्रार कोणाविरुद्ध करायची?

पुढे चाळीस वर्षांनी तेच घडले. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. शहा आयोगाने नंतर मोजले तेव्हा एकट्या ‘मिसा’खाली अटक झालेल्यांची संख्या सुमारे ३५ हजार भरली. आणीबाणी आल्यानंतर दुसऱ्याच दिवशी बंगळूरमध्ये समाजवादी मधु दंडवते आणि जनसंघाचे वाजपेयी व अडवाणी असे एकमेकांचे राजकीय विरोधक एकाच वेळी पकडले गेले. त्यांच्यासाठी कर्नाटकाच्या उच्च न्यायालयात जे वकील उभे राहिले, त्यांत एम. सी. छागला होते, म्हणजे मुंबईचे माजी मुख्य न्यायमूर्ती आणि इंदिरा गांधींच्याच मंत्रिमंडळातले माजी परराष्ट्रमंत्री. १९७६ मध्ये जयप्रकाशांच्या प्रेरणेने नागरी व लोकशाही हक्कांसाठी संघटना उभी राहिली. तिच्या अग्रभागी होते व्ही. एम. तारकुंडे. सासवडला जन्मलेला हा माणूस मुंबई उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होऊन निवृत्त झाला होता. १९७७ मध्ये जनता पक्षाचे राज्य आले, संघटनेतले कित्येकजण समाधानाने घरी बसले आणि काम मंदावले. १९८० मध्ये इंदिरा गांधी परत आल्यावर ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ या नावाने, पक्षांपासून अंतर राखून, संघटना नव्याने बांधावी लागली.

या दोन्ही प्रसंगांत फसगत कुठे झाली? पुष्कळांनी हक्क मागितला होता तो आपल्या माणसांसाठी. आपली माणसे सुटली, हक्काची गरज संपली. तारकुंडे मात्र जनता राजवटीतही थांबले नाहीत. आणीबाणीच्या काळात आंध्रात नक्षलवादी म्हणून ‘चकमकीं’त मारल्या गेलेल्यांची चौकशी करण्यासाठी १९७७ मध्ये जी नागरी समिती नेमली गेली, तिचे ते अध्यक्ष झाले. तारकुंडे हे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या परंपरेतले मानवतावादी. सशस्त्र क्रांतीच्या मार्गाला त्यांचा विरोध होता. तरीही त्यांनी विचारले, की पकडलेल्या माणसाला न्यायालयापुढे न नेता मारले काय? त्यांच्याबरोबर काम करणारे हैदराबादचे वकील के. जी. कन्नबिरन यांनी पुढे अनेक वर्षे अशी वकीलपत्रे घेतली, जी घ्यायला इतर वकील कचरत होते.

आता यावरचे आक्षेप पाहू. ते हलके नाहीत.

पहिला आक्षेप असा : लिहिल्या-बोलल्याबद्दल पकडलेल्यांना मदत करा, ठीक, पण ज्याने शस्त्र उचलले त्यालाही? या प्रश्नापाशी जगातल्या दोन संस्थांनी दोन वाटा घेतल्या. १९६१ मध्ये लंडनला सुरू झालेल्या ‘अॅम्नेस्टी’ने नेल्सन मंडेलांना सुरुवातीला आपला ‘सद्सद्विवेकाचा कैदी’ मानले होते; त्यांनी सशस्त्र मार्ग स्वीकारल्याचे स्पष्ट झाल्यावर १९६४ साली ती मान्यता मागे घेतली, मात्र खटला न्याय्य झाला पाहिजे हा आग्रह सोडला नाही. त्याच लंडनमध्ये सेंट पॉल कॅथीड्रलचे पाद्री जॉन कॉलिन्स यांचा ‘डिफेन्स अँड एड फंड’ होता. १९५६ साली दक्षिण आफ्रिकेत १५६ जणांवर देशद्रोहाचा खटला भरला गेला. त्यांच्या बचावाला कॉलिन्स यांनी पैसा उभा केला, आणि १९६१ पर्यंत सगळे आरोपी सुटले. मंडेलांच्या पुढच्या खटल्यालाही या निधीने मदत केली. १९६६ मध्ये तिथल्या सरकारने निधीवर बंदी घातली, तेव्हा आडमार्गाने वकिलांची फी पोचवणे चालू राहिले.

या दोन वाटा परस्परविरोधी वाटतात, पण त्या दोन वेगळ्या कामांच्या आहेत. ‘हा निर्दोष विचारवंत आहे, याला सोडा’ असे म्हणणे हे प्रशस्तिपत्र आहे, आणि प्रशस्तिपत्र देणाऱ्याने माणूस पारखलाच पाहिजे. ‘याच्यावरचा आरोप पुराव्याने सिद्ध करा, आणि तो करताना याच्या बाजूने बोलणारा कोणी असू द्या’ ही मात्र कार्यपद्धतीची मागणी आहे. तिला माणूस पारखण्याची अट घालता येत नाही, कारण पारख करण्यासाठीच तर खटला असतो. आपल्या घटनेचे कलम २२ अटक झालेल्याला पसंतीच्या वकिलाचा हक्क देते ते याच जाणिवेने. अहिंसेची शपथ घेतलेल्या काँग्रेसने १९४५ मध्ये आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांसाठी बचाव समिती नेमली, भुलाभाई देसाई लाल किल्ल्यात उभे राहिले. त्यामुळे काँग्रेस सशस्त्र लढ्याची झाली, असे कोणी म्हटले नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. न्यायालयच दबलेले असेल तर तिथे वकील उभा करणे म्हणजे नाटकात पात्र होणे नव्हे काय? १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींनी बचाव केला नाही. त्यांनी गुन्हा कबूल केला आणि शिक्षा मागून घेतली. तो मार्ग तेजस्वी खराच. पण तो स्वतःपुरता निवडायचा मार्ग आहे. दुसऱ्याने तुरुंगात कुजावे आणि आपण त्याच्या वतीने तेजस्वी व्हावे, हे काही बरे नव्हे. शिवाय हरलेला खटलाही वाया जात नाही. आणीबाणीत नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांची याचिका ऐकण्याजोगी मानली होती. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते दार बंद केले. शांतिभूषण, तारकुंडे, सोराबजी यांच्यासारखे वकील हरले. पण त्यांनी बाजू मांडली म्हणूनच न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांना मतभेद नोंदवता आला. त्यापायी त्यांचे सरन्यायाधीशपद गेले. बहुमतात यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल पुसून टाकला, तेव्हा तसे लिहिणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. चाळीस वर्षे ती एक असहमती कागदावर जिवंत राहिली होती.

तिसरा आक्षेप सर्वांत जिव्हारी लागणारा आहे. संघटनांनी सरकारी अत्याचार तेवढे पाहायचे, आणि ज्यांच्या बाजूने त्या उभ्या राहतात त्यांच्या हातून मेलेल्या शिपायाचे, खेडुताचे काय? हा प्रश्न विरोधकांनीच विचारला असे नाही. आंध्रच्या नागरी हक्क चळवळीत वर्षानुवर्षे राबलेले के. बालगोपाल यांनी तो आतून विचारला. मतभेद मिटले नाहीत, तेव्हा ते बाहेर पडले आणि १९९८ मध्ये सहकाऱ्यांसह ‘ह्यूमन राइट्स फोरम’ काढली. वकीलपत्र घेणे योग्यच; पण अशिलाच्या कृत्यांपुढे डोळे मिटणे हा त्या वकीलपत्राचा भाग नव्हे, हे त्यांच्याकडून शिकावे. जी संघटना हे विसरते तिच्यावरचा ‘त्यांचेच लोक’ हा आरोप खरा ठरू लागतो.

हे सगळे दूरचे वाटत असेल तर जरा हुबळीकडे पाहा. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे शिकणाऱ्या तीन काश्मिरी विद्यार्थ्यांना एका चित्रफितीवरून राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. तिथल्या वकील संघटनेने ठराव केला, की आमच्यापैकी कोणीही त्यांचे वकीलपत्र घेणार नाही. बंगळूरहून काही वकील धारवाडच्या न्यायालयात आले तेव्हा त्यांना निदर्शनांना तोंड द्यावे लागले. कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने असल्या ठरावाला कडक शब्दांत दोष दिला आणि वकिलांना पोलीस संरक्षण देवविले. वास्तविक २०१० सालीच सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव रद्दबातल म्हटले होते. ते प्रकरण कोइमतूरचे, आणि तिथे वकिलांनी ज्यांना बचाव नाकारला होता ते होते पोलीस! म्हणजे आज ज्याला हा हक्क नको वाटतो, उद्या त्यालाच तो हवा असतो.

आपण सीमाभागातली आणि दुभाषी मुलखातली माणसे. जमावबंदी म्हणजे काय, १ नोव्हेंबरच्या मिरवणुकीनंतर पोलीस ठाण्यातून कोणाला बोलावणे येते, भाषेसाठी घोषणा दिल्याबद्दल वर्षानुवर्षे तारखांना जाणे म्हणजे काय, हे इथल्या घराघरांत ठाऊक आहे. अशा वेळी आपल्या कार्यकर्त्याला वकील मिळावा, तोही शक्यतो आपली भाषा कळणारा, असे आपल्याला वाटते आणि ते रास्तच आहे. मराठी घोषणेचा अर्थ दुसऱ्या भाषेत उतरवताना काय होऊ शकते, ते टिळकांना १९०८ च्या खटल्यात पुरते कळले होते. सरकारी भाषांतरांवर त्यांनी तिथे कसून हरकत घेतली होती.

पण खरी परीक्षा पुढची आहे. उद्या सीमेच्या अलीकडे किंवा पलीकडे दुसऱ्या भाषेचा एखादा तरुण, आपल्याला न पटणारी घोषणा दिल्याबद्दल असाच पकडला गेला आणि आपल्या ओळखीच्या वकिलाने त्याचे वकीलपत्र घेतले, तर आपण त्या वकिलाच्या घरी पूर्वीसारखे चहाला जाऊ का? उत्तर ‘हो’ असेल तर आपण हक्क मागतो आहोत. ‘नाही’ असेल तर आपण फक्त आपली पाळी यायची वाट पाहतो आहोत.

म्हणून वकीलपत्र कोणाचे घ्यावे, हा प्रश्न आरोपीचे नाव, जात, भाषा आणि झेंडा कळण्यापूर्वीच सोडवून ठेवलेला बरा. नाव कळल्यावर सोडवायला बसलो की उत्तर आपल्या सोयीचेच निघते. मदत सर्वांना द्या, प्रशस्तिपत्र पारखून द्या, आणि अशिलाचे चुकले असेल तेव्हा तेही सांगा. नागरी हक्कांचे काम याच शिस्तीवर उभे राहते. ती पाळणारे थोडे असतात आणि त्यांना दोन्ही बाजूंचे बोल खावे लागतात. पुढल्या वेळी कोणी त्यांच्याबद्दल ‘तुला कुणी वकीलपत्र दिलंय?’ असे विचारले, तर त्यांना ते घटनेने दिले आहे, एवढे तरी आपण सांगू शकतो.