नाकासमोर

नाकासमोर चालणारा माणूस अशी माझी ख्याती आहे. ती मुख्यतः मीच पसरवलेली असली, तरी तिला 36 वर्षांच्या नोकरीचा आधार आहे. या 36 वर्षांत मी कुणाचा फुकटचा चहा प्यालो नाही. (कुणाला पाजलाही नाही, अशी पुस्ती आमची सौ. जोडते.) अशा माणसाच्या दारातली गाडीच नाकासमोर चालेनाशी व्हावी, हा दैवदुर्विलास नाही तर काय?

याचं मूळ आमच्या चिरंजिवांत आहे. गेल्या दिवाळीत त्यांना साक्षात्कार झाला, की आपली गाडी फार उंच दिसते. "बाबा, चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये ही केवढी फट! गाडी कशी जमिनीला धरून पाहिजे." मी जाऊन पाहिलं. फट होती, चार बोटं सहज आत जात होती. पण ती गेली आठ वर्षं तिथंच होती आणि तिनं आमचं काही वाकडं केलेलं नव्हतं.

तरी चार लालभडक स्प्रिंगा घरात आल्याच. मूळच्यांपेक्षा गाडी 35 मिलिमीटर खाली बसवणाऱ्या. "साडेतीन सेंटिमीटरनं असा काय फरक पडतो?" असं चिरंजीव म्हणाले. पडत नसेल तर खर्च कशाला, हा माझा प्रश्न त्यांनी ऐकला नाही. या स्प्रिंगा आखूड असतात तशाच ताठही असतात. कारण चाकाला वर-खाली व्हायला जागा कमी उरते. मऊ ठेवल्या तर प्रत्येक खड्ड्यात गाडी बुडाला आपटेल. जागा कमी पडली की स्वभाव ताठ होतो, हे दोन खोल्यांत वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको.

स्प्रिंगा बसल्या. गाडी रुबाबदार दिसू लागली, हे कबूल करायला हवं. गॅरेजवाल्यानं जाता जाता सांगितलं, "शंभरेक किलोमीटर चालवा, स्प्रिंगा बसतील; मग अलाइनमेंट करून घ्या." इथं माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. चाकांना कुणी हात लावला का? नाही. स्टिअरिंगला? नाही. मग ज्याला हातच लावला नाही, ते दुरुस्त कशाला करायचं? माझा हा युक्तिवाद इतका बिनतोड होता, की चिरंजीवसुद्धा गप्प बसले.

पहिला प्रतिवाद गतिरोधकांनी केला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 सालच्या नियमावलीप्रमाणे गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असायला हवा होता. आमच्या गल्लीतले गतिरोधक भाविकांनी वर्गणी काढून बांधल्यासारखे आहेत. त्यांवरून जाताना गाडीच्या पोटातून जो आवाज येई, तो ऐकून सौ. डोळे मिटून रामरक्षा म्हणे. दुसरा प्रतिवाद हायवेवर झाला. स्टिअरिंग जरा सैल धरलं की गाडी कधी इकडे, कधी तिकडे भटकू लागे. आणि पाच महिन्यांनी पंक्चर काढायला गेलो, तेव्हा पंक्चरवाल्यानं पुढचं टायर उलटं करून माझ्यापुढे धरलं. बाहेरच्या कडेची नक्षी नव्यासारखी, आणि आतल्या कडेला दोरे दिसत होते! जी बाजू लोकांना दिसते ती शाबूत, आणि जी दिसत नाही ती झिजून गेलेली. हे वाक्य मी टायरबद्दल लिहितो आहे, हे कृपया लक्षात ठेवावं.

अलाइनमेंटवाल्या मिस्त्रींनी गाडी रॅम्पवर घेतली, आधी हवा तपासली, चारही चाकांना चिमटे लावले. पडद्यावर आकडे उमटले, जवळजवळ सगळे लाल. शाळेच्या प्रगतिपुस्तकानंतर इतकं लाल मी एकत्र पाहिलं नव्हतं.

"स्प्रिंगा बदलताना टाय रॉड कुणी फिरवला?" मी आवाज चढवून विचारलं.

"कुणी हात नाही लावला, काका," मिस्त्री शांतपणे म्हणाले, "म्हणूनच तर."

मग त्यांनी दोन्ही हात पुढे करून मला समजावलं. पुढचं चाक खालच्या बाजूला एका आर्मनं धरलेलं असतं, आणि त्याला वळवणारा टाय रॉड वेगळा. मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची ही रचना. 1950 साली ती इंग्लंडमधल्या फोर्डच्या गाड्यांवर आली आणि आज बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना तीच असते. आर्म आणि टाय रॉड, दोघंही दाराच्या फळीसारखे आपापल्या बिजागरीभोवती फिरतात. दोघांची वर्तुळं निराळी. मूळच्या उंचीला त्यांचं जमलेलं असतं. गाडी खाली आली, की चाकाचा माथा आत कलतो, याला कॅम्बर म्हणायचं. आणि दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांपासून फिरतात, तो टो. कॅम्बरनं टायर हळूहळू झिजतं, पण टो त्याला खाऊन टाकतो. आमच्या गाडीची दोन्ही चाकं बाहेर तोंड करून होती, प्रत्येकी सुमारे अर्धा अंश.

"अर्धाच ना?" मी म्हटलं.

घरी येऊन गणित केलं. अर्धा अंश तिरकं चाक एक किलोमीटर चाललं, तर जवळजवळ 9 मीटर आडवं घासतं. म्हणजे पुण्याहून कोल्हापूरला जाईपर्यंत ते 2 किलोमीटर आडवं फरपटलेलं असतं. तरीही गाडी कोल्हापूरलाच पोचते, म्हणून कुणाला कळत नाही.

कोल्हापूरचं नाव मी उगीच काढलं नाही. तिथं माझे थोरले बंधू राहतात. 2018 सालापासून आम्ही बोलत नाही.

वडिलांच्या हयातीत ठरलं होतं, की घर दोघांत निम्मं निम्मं. वडील 2009 साली गेले. पुढली नऊ वर्षं आईचं सगळं दादा आणि वहिनींनी केलं. शेवटची तीन तर ती अंथरुणातच होती. आई गेल्यावर दादा म्हणाला, "आता जरा वेगळा विचार करू या." मी म्हणालो, "ठरलंय ते ठरलंय. मी बदललेलो नाही." आणि खरोखरच नव्हतो बदललो. काडीचाही नाही. शब्द तोच, माप तेच. उंची तेवढी बदलली होती. मधली नऊ वर्षं घर हळूहळू खाली बसलं होतं, आणि मी पुण्यात बसून माझ्या टाय रॉडला कुणी हात लावला नाही, याचा अभिमान बाळगत होतो.

म्हणजे जो बदलला नाही तो चुकू शकतो का? माझ्या पिढीला याचं उत्तर पाठ आहे: नाही. सुंभ जळेल, पण पीळ जाणार नाही. पण मिस्त्रींनी माझ्यासमोर टाय रॉडचा नट सैल केला, रॉड थोडा फिरवला, आणि आकडे हिरवे झाले. रॉड वाकवला नव्हता, कापला नव्हता. चाक सरळ राहण्यासाठी त्याची लांबी केसभर बदलली, एवढंच. रॉडचं कामच मुळी चाक सरळ ठेवणं हे होतं. आहे तेवढाच राहणं हे नव्हतं.

आता कुणी म्हणेल, असं म्हटलं तर प्रत्येक पक्षबदलू 'मी फक्त अलाइनमेंट केली' म्हणून मोकळा होईल. शंका रास्त आहे. माझी कसोटी साधी आहे. फिरल्यावर आपली सोय झाली का, हे पाहू नये; घासणं थांबलं का, ते पाहावं. आणि कुणाचं टायर झिजत होतं, हेही.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण शेजारच्या निवृत्त वकिलांनी आमची बसकी गाडी पाहिली आणि मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम ऐकवलं. कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी 2019 मध्ये सांगितलं आहे म्हणे. झालं! लाल स्प्रिंगा माळ्यावर गेल्या, जुन्या परत गाडीत बसल्या. चार बोटांची फट पाहून मला गहिवरून आलं.

मी म्हटलं, "आता सगळं पहिल्यासारखं झालं." मिस्त्री हसले. "नाही काका. रॉड आता खालच्या उंचीला बसवलाय. पुन्हा अलाइनमेंट करावी लागेल." जुन्या जागी परत जायचं तरी फिरावं लागतंच! या वेळी मी हुज्जत घातली नाही.

त्या रात्री कोल्हापूरला फोन लावला. दोन मिनिटं दोघंही हवापाण्यावर बोललो. मग मी म्हणालो, "दादा, घराचं... मी जरा वेगळा विचार करून पाहिला."

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

"ये रविवारी," दादा म्हणाला. "जेवायलाच ये. आणि गल्लीत शिरताना सांभाळून, स्पीडब्रेकर फार उंच केलाय मेल्यांनी."

"चालेल," मी म्हणालो. "आता लागायचा नाही."