टाकं कुणाचं?

नागपूरच्या बेसा भागात आमच्या घरामागे सिमेंटचं टाकं आहे. त्यात कमळ, गप्पी मासे आणि पावसाळ्यात आपणहून येणारे बेडूक. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की नातवंडं मागे लागतात, "आजी, यात आम्हाला पोहू दे ना!" मुलगा म्हणतो, गाळ काढू, टाइल्स लावू, क्लोरीन टाकू. मागणी रास्तच आहे. पण टाकं आमचं म्हणून त्यातले जीवही आमच्याच मर्जीचे का, हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही.

पोहण्याच्या पाण्यात लिटरमागे साधारण १ ते ३ मिलिग्रॅम क्लोरीन ठेवतात. मुलांना ते चालतं. माशांचे कल्ले मात्र त्याने जळतात. बेडूक तर कातडीतूनही श्वास घेतो.

पाणी कुणाचं, हा प्रश्न आपल्याकडे जुनाच. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले. तो लढा माणसाच्या माणुसकीचा. त्याची बरोबरी माशांशी मी करणार नाही. पण पाण्यावर मालकापेक्षा गरजवंताचा हक्क मोठा, हे मी तिथूनच शिकले. आणि पसायदानात ज्ञानेश्वरांनी मैत्री मागितली ती सगळ्याच जिवांची.

पोरांना गार वाटायला हवंच. म्हणून आंब्याखाली गुडघाभर पाण्याचा फुगवायचा हौद मांडायचा, मोठं माणूस शेजारी बसवायचं, आणि संध्याकाळी ते पाणी आंब्याच्या आळ्यात सोडायचं. टाक्याला हात लावायचा नाही, असं मी मुलाला सांगितलंय.